औषध आहे, पण परवाना नाही

सोलापुरात १२ मे १९३० रोजी मार्शल लॉ लागू झाला आणि ३० जूनपर्यंत चालला. जेमतेम सात आठवडे. तेवढ्यात रस्त्यांवर लष्कर आले, गांधी टोपी घालणे गुन्हा ठरला, झेंडे उतरवले गेले. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्या सात आठवड्यांची आठवण आपण सोलापूरकर शतकभर सांगत आलो आहोत. चार पुतळ्यापाशी दर वर्षी हार पडतात, ऐन गड्डा यात्रेच्या गडबडीतही पडतात. शाळेतल्या पोरालाही ही नावे पाठ असतात, आणि असावीतच.

मग दुसरा एक हिशेब मांडून बघू. जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, ज्याला आपण बातम्यांत वेस्ट बँक म्हणतो, तो जून १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या अमलाखाली आहे. सायप्रसच्या उत्तर भागात तुर्कस्तानचे सैन्य १९७४ पासून बसले आहे. पश्चिम सहारात मोरोक्को १९७५ मध्ये शिरला. युक्रेनचा क्रिमिया २०१४ पासून रशियाकडे आहे आणि तिथल्याच डोनेत्स्क शहरावरही त्याच वर्षापासून मॉस्कोचा हुकूम चालतो. हे प्रश्न एकसारखे नाहीत, त्यांचे इतिहास वेगळे, न्याय-अन्यायाची गुंतागुंत वेगळी. पण आजीचे लग्न लष्करी अमलात झाले आणि नातीचे बाळंतपणही त्याच अमलात होते आहे, अशी घरे त्यांतल्या काही प्रदेशांत हजारोंनी आहेत. सात आठवड्यांत माणूस दहशत सोसतो. साठ वर्षांत त्याच्या रक्तदाबाचे, दातांचे, झोपेचे, मुलांच्या उंचीचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. बाँब पडला की आपण टीव्ही लावतो, बाँब थांबला की बंद करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: लांबलेल्या ताब्यात सामान्य माणसाचे आरोग्य गोळीपेक्षा परवान्याने जास्त खचते. तिथे औषधांचे खोके पाठवून आपण फार तर अर्धे काम करतो, कारण खोके अडवण्याचा आणि सोडण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याला आपण जाब विचारतच नाही. आणि जाब विचारण्यासाठी नवा कायदा शोधायला नको. तो १९४९ पासून लिहून ठेवलेला आहे, भारताने त्यावर सही केलेली आहे.

परवाना म्हणजे काय ते आधी पाहू. वेस्ट बँकेतल्या, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत गाझातल्याही, कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन घ्यायचे तर त्याच्या लोकांसाठी ती सोय मुख्यतः पूर्व जेरुसलेममधल्या ऑगस्टा व्हिक्टोरिया या रुग्णालयात. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनहून जेरुसलेम पस्तीस किलोमीटरसुद्धा नसेल. रुग्णाने आधी आपल्या डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची, मग पॅलेस्टिनी आरोग्य खात्याकडून खर्चाची हमी मिळवायची, मग इस्रायली प्रशासनाकडे प्रवेशाचा अर्ज करायचा. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा अर्ज निराळा. रुग्णाला होकार आणि सोबत्याला नकार, असेही होते. आईबापांना परवाना नाकारला म्हणून आजीचे बोट धरून उपचाराला निघालेली मुले गाझात नवलाची नव्हती.

आपल्याकडचा रुग्ण बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातो. सत्तर किलोमीटर, एसटीने दोन तास. त्याचे हाल कमी आहेत असे मी म्हणत नाही. बाई आजारी असेल तर तिची बिडीची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाची पाळी बुडते, कर्ज होते. पण वैरागच्या अलीकडे गाडी थांबवून, "तुमचा कागद कालचा आहे, आजचा नाही" असे म्हणत कोणी त्याला परत पाठवत नाही. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे घ्यावे लागते. मधला एक आठवडा चुकला तर गाठ वाट बघत बसत नाही, हे कोणताही कॅन्सरचा डॉक्टर सांगेल.

जागतिक आरोग्य संघटना गाझातून बाहेर उपचाराला जाऊ पाहणाऱ्यांच्या अर्जांची नोंद २००८ पासून ठेवत आली. २०१७ या वर्षी वेळेत मंजूर झालेल्या अर्जांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर आले, तोवरचे सर्वांत कमी. त्याच वर्षात परवाना नाकारला गेल्यानंतर किंवा लांबल्यानंतर ५४ रुग्ण दगावले आणि त्यांतले ४६ कॅन्सरचे होते. वर्ष २०१७ आहे याकडे लक्ष द्या. त्या वर्षी तिथे मोठे युद्ध नव्हते, आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गाझा क्वचितच होते. ही माणसे शांततेच्या काळात गेली. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सर असे लिहिले गेले असणार, आणि ते खोटेही नाही.

बाळंतपणाचेही तसेच. २००० नंतरच्या काही वर्षांत, दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, साठाहून अधिक पॅलेस्टिनी बायका लष्करी नाक्यांवरच बाळंत झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंदले आहे. त्यांतली बरीच बाळे वाचली नाहीत. कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन निघालेल्या नवऱ्याने नाक्यावरच्या विशीतल्या शिपायाला काय समजावून सांगायचे? त्या शिपायाला तरी काय कळणार, त्याला हुकूम आहे. आजही जेरुसलेमकडे जाणाऱ्या पॅलेस्टिनी रुग्णवाहिकेतून रुग्णाला बहुतेक वेळा नाक्यावर उतरवतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या रुग्णवाहिकेत चढवतात. सलाईन, ऑक्सिजन, नळ्या, सगळ्यासकट. सिव्हिलच्या आवारात एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर घेतानाही गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांचा जीव वरखाली होतो.

इथे इस्रायलची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती पोकळ नाही. त्याच काळात बस, हॉटेल, बाजार यांत आत्मघातकी स्फोट होऊन शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. मार्च २००२ मध्ये रामल्लाजवळ एका रुग्णवाहिकेत स्फोटकांचा पट्टा सापडल्याचे इस्रायली लष्कराने जाहीर केले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. तपासणी करूच नका असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण तपासणी आणि ताटकळत ठेवणे यांत फरक आहे. गाडी तपासायला किती वेळ लागतो हे आपल्या विमानतळावरच्या जवानालाही माहीत आहे. अर्जाला आठवडेच्या आठवडे उत्तरच द्यायचे नाही, नाकारताना कारण सांगायचे नाही, अपील कुठे करायचे ते सांगायचे नाही, यात सुरक्षेचे काय साधते? सगळी लोकसंख्या संशयित धरली की कॅन्सरची बाईसुद्धा संशयितांच्या रांगेत उभी राहते, आणि रांग हाच कारभार होऊन बसतो.

पाण्याकडे वळतो, कारण पाण्यावर बोलायचा सोलापूरकराला हक्कच आहे. उजनी धरण भरले काय आणि आटले काय, शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी ही वर्षानुवर्षांची कहाणी. घराघरावर प्लास्टिकच्या टाक्या, दारात पिंपे, पाणी येण्याच्या दिवशी घरातले एक माणूस कामावर जात नाही. वेस्ट बँकेच्या डोंगरावरून खाली पाहिले की ज्या घरांच्या छपरांवर काळ्या टाक्यांची दाटी आहे ती वस्ती पॅलेस्टिनी, आणि जिथे टाक्या नाहीत ती बहुधा इस्रायली वसाहत, असे तिथे जाऊन आलेले लोक सांगतात. कारण वसाहतीत नळ चोवीस तास वाहतो, टाकी कशाला?

नोव्हेंबर १९६७ मध्ये, म्हणजे ताबा मिळाल्यावर पाच-सहा महिन्यांतच, इस्रायली लष्कराने १५८ क्रमांकाचा हुकूम काढला: परवान्याशिवाय पाण्याचे कोणतेही नवे बांधकाम करायचे नाही. विहीर नाही, पंप नाही. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारानंतर १९९५ मध्ये वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे पडले. त्यांतला सुमारे ६० टक्के भाग, म्हणजे 'क', पूर्णपणे इस्रायली नियंत्रणात राहिला. तिथे पावसाचे पाणी साठवण्याची हौदासारखी टाकीही परवान्याशिवाय बांधली म्हणून पाडली जाते. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या काही वस्त्यांत माणशी दिवसाला वीस लिटरच्या आसपासच पाणी वाट्याला येते, असे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २००९ मध्ये नोंदले. जागतिक आरोग्य संघटना शंभर लिटर म्हणते. वीस लिटरमध्ये स्वयंपाक आणि पिणे भागते. हात धुणे, लंगोट धुणे, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता भागत नाही. जुलाब, खरूज, मूत्रमार्गाचे जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतात, याला मोठे संशोधन नको.

डोनेत्स्कचे उदाहरण तर अगदी आपल्या गल्लीतले वाटेल. त्या शहराला पाणी आणणारा सिव्हेर्स्की डोनेत्स कालवा २०२२ च्या लढाईत निकामी झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे तीन दिवसांतून एकदा, तेही काही तास, पाणी सुटत होते. वरच्या मजल्यांवर चढतच नव्हते.

मग कोणी म्हणेल, आपल्याकडेही तसेच आहे की, यात ताब्याचा काय संबंध? संबंध आहे. आपण घागर मोर्चा काढू शकतो. आयुक्तांच्या दारात मडकी फोडू शकतो, नगरसेवकाला रस्त्यात अडवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू शकतो, निवडणुकीत त्याला घरी बसवू शकतो. पाणी तरीही वेळेवर येत नाही, हे आपले दुर्दैव आणि थोडा आपलाही दोष. पण घागर मोर्चा काढायला समोर महापालिका लागते. ज्याने टाकी पाडली तो अधिकारी ज्या सरकारला उत्तर देतो, त्या सरकारला टाकीवाल्याचे मत नसते. लष्करी ताब्यातला माणूस गरीब असतो म्हणून हतबल नसतो. अनेकदा तो आपल्यापेक्षा जास्त शिकलेला असतो. त्याच्याकडे फक्त तक्रार नेण्याची जागा नसते.

जुनाट आजारांचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण युद्धाच्या बातम्यांत तो कधीच येत नाही. मधुमेह्याला रोज इन्सुलिन लागते. इंग्लिश खाडीतल्या जर्सी या बेटावर जर्मन सैन्य १९४० ते १९४५ असे पाच वर्षे होते. तिथे लढाई जवळपास झालीच नाही. पण बाहेरून इन्सुलिन येणे बंद झाले आणि बेटावरचे अनेक मधुमेही दगावले. जपानी ताब्यातल्या शांघायमध्ये एव्हा सॅक्सल नावाची झेक निर्वासित बाई होती, स्वतः मधुमेही. बाजारातले इन्सुलिन संपल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने, तो मूळचा कापड उद्योगातला इंजिनिअर, पुस्तकात वाचून म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढले. आधी सशांवर आजमावले, मग एव्हाने स्वतःला टोचून घेतले. त्या तपकिरी इन्सुलिनवर शेकडो मधुमेही जगले. गोष्ट थोर आहे यात शंका नाही. पण ती सांगताना आपण टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. जर्सीतल्या ज्या मधुमेह्यांच्या घरी एव्हा नव्हती त्यांचे काय झाले, तिथे आपली गोष्ट थांबते.

आज इन्सुलिन अडवण्याची रीत जास्त सभ्य झाली आहे. युक्रेनच्या रशियाव्याप्त भागांत दवाखाने चालू आहेत, औषधेही आहेत. पण सरकारी आरोग्य विमा रशियन पासपोर्टला जोडला गेला आहे, आणि पासपोर्ट नसणाऱ्याला औषध मिळणे अवघड होत गेले आहे, असे मानवी हक्क संघटनांनी आणि पत्रकारांनी वारंवार दाखवले. म्हणजे म्हातारीने आपले नागरिकत्व सोडले तर तिला तिची इंजेक्शने मिळतील. यात एकही गोळी झाडावी लागत नाही.

आणि हे नुकसान ताबा उठल्यावर संपते असे समजू नका. १९४४ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समधल्या रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी पश्चिम भागात धान्य जाणे रोखले, आणि त्या हिवाळ्यात शहरांतले शिधावाटप दिवसाला हजार कॅलरीच्या खाली आले, पुढे आणखी घसरले. सुमारे वीस हजार माणसे मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला. पण त्या महिन्यांत जी बाळे पोटात होती, त्यांचा माग डच संशोधकांनी पुढे अनेक दशके ठेवला. ती पन्नाशीला आली तेव्हा मधुमेह आणि हृदयविकार त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त आढळले. शिपाई निघून गेले तरी त्यांनी लावलेली उपासमार पोटातल्या मुलाबरोबर म्हातारी झाली. एका हिवाळ्याचा हा परिणाम असेल तर साठ वर्षांचा हिशेब कोण आणि कधी मांडणार?

झोपेबद्दल थोडेच लिहितो. हेब्रॉनच्या जुन्या भागात रात्री दोन वाजता दार ठोठावून घराची झडती होते. प्रत्येक वेळी कोणाला पकडूनच नेतात असे नाही, पण घरातली मुले त्यानंतर किती रात्री जागी राहतात, अंथरूण ओले करतात, हे तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिले आहे. मेदसाँ साँ फ्राँतिएरसारखी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था तिथे मानसिक उपचारांची केंद्रे चालवत आली. गोळीच्या जखमांवर उपचार करणाऱ्या संस्थेला भीतीवर उपचार करायला थांबावे लागते, एवढ्यावरून काय ते समजावे.

आता सर्वांत बळकट आक्षेप. ताब्याचे समर्थक सांगतात की १९६७ नंतर वेस्ट बँक आणि गाझात बालमृत्यू खूप कमी झाले, आयुर्मान वाढले, पॅलेस्टिनी मुलांचे लसीकरण तर शेजारच्या देशांना लाजवेल असे होते. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात काही हशील नाही. त्या काळात बालमृत्यू जवळपास सगळ्या जगातच कमी झाले हेही खरे. आणि लस टोचणारी नर्स गावातलीच होती, निर्वासितांच्या छावण्यांतले दवाखाने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने १९५० पासून चालवले. इंग्रजांनी आपल्याकडे रेल्वे आणली, दवाखाने काढले. म्हणून धनशेट्टी आणि कुर्बान हुसेन चुकले असे आपण म्हणतो का? शिवाय सरासरी आकडा हा दवाखान्यात पोचलेल्यांचा मोठेपणा दाखवतो. नाक्यावर थांबलेल्याला सरासरीत जागा नसते.

खरी मेख मात्र १९९४ ची आहे. त्या वर्षी आरोग्य खाते पॅलेस्टिनी प्रशासनाकडे सोपवले गेले. वरवर पाहता चांगलेच झाले. पण रस्ते, सरहद्दी, पाण्याचे उगम, आयातीवर गोळा होणारा महसूल, यांवरचा ताबा तसाच राहिला. महसूल इस्रायल गोळा करतो आणि वाटेल तेव्हा त्यातून कापून घेतो. २०२१ च्या अखेरीपासून पॅलेस्टिनी सरकारी डॉक्टर-नर्सना पूर्ण पगार मिळणे बंद झाले. रुग्ण मेला तर दोष पॅलेस्टिनी आरोग्य मंत्र्याचा, बिल युरोपातल्या देणगीदारांचे आणि गेटची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. पॅलेस्टिनी प्रशासनाचा भ्रष्टाचार, हमासचा बेदरकारपणा, यांचाही या हालांत वाटा आहे, तो मी झाकत नाही. पण सोपवलेली जबाबदारी आणि राखून ठेवलेला अधिकार ही जोडी जिथे असेल तिथे आजारी माणसाचाच बळी जातो. रशियाने क्रिमिया आपल्यात सामील केल्याचे जाहीर केले म्हणून ताबा संपला नाही, आणि इस्रायलने खाते सोपवले म्हणूनही संपला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी इस्रायलने वेस्ट बँकेत बांधलेल्या भिंतीच्या प्रकरणात आणि पुन्हा १९ जुलै २०२४ रोजी इस्रायलबाबत हेच सांगितले. दुसऱ्या वेळी तर ताबा चालू ठेवणेच बेकायदा आहे असे मत दिले. ही सल्लागार मते आहेत, कोणी लगेच अंमलबजावणीला धावत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातले ५५ वे कलम म्हणते की ताबा घेणाऱ्या सत्तेने आपल्या साधनांनुसार शक्य तेवढ्या पूर्णत्वाने लोकांना अन्न आणि औषधे पुरवली पाहिजेत. ५६ वे कलम दवाखाने, सार्वजनिक आरोग्य, साथीच्या रोगांना अटकाव याची जबाबदारी स्थानिकांच्या सहकार्याने त्याच सत्तेवर टाकते. आणि ६० वे कलम, जे आपल्याकडच्या मदत मोहिमांनी फलकावर लिहून लावावे असे आहे, सांगते की बाहेरून आलेल्या मदतीमुळे ताबा घेणाऱ्या सत्तेची जबाबदारी यत्किंचितही कमी होत नाही. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये संसदेत त्यांचा कायदा केला. म्हणजे हे शब्द आपल्याही कायद्याच्या परिशिष्टात आहेत.

रस्ता उघडता येत नाही, असे सांगितले जाते तेव्हा मला गाझातला पोलिओ आठवतो. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सांडपाण्यात विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांनंतरचा पहिला रुग्ण, दहा महिन्यांचे बाळ. सप्टेंबरमध्ये भर युद्धात ठरावीक तास, ठरावीक भागांत गोळीबार थांबवण्यात आला आणि साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब पाजले गेले. चांगलेच झाले. पोलिओ शेजाऱ्यालाही गाठतो, म्हणून दोन्ही बाजूंना घाई होती. पण त्या आठवड्यांत एक गोष्ट उघडी पडली: ठरवले तर थांबता येते, गाड्या सोडता येतात. मग बाकीचे दिवस त्या थांबवल्या जातात तो नाइलाज नसतो, तो निर्णय असतो. कॅन्सर आणि किडनीचा आजार संसर्गाने पसरत नाही, एवढाच त्या रुग्णांचा गुन्हा.

काश्मीरचे काय, असे काही वाचक विचारतील, आणि विचारावे. माझ्या मते ती तुलना कायद्याच्या अंगाने बसत नाही. तिथले लोक भारताचे नागरिक आहेत, मतदान करतात, न्यायालयात जातात. पण ५ ऑगस्ट २०१९ नंतर तिथे फोन बंद झाले, आधी लँडलाइन आणि मग ऑक्टोबरात काही मोबाइल सुरू झाले, पूर्ण वेगाचे इंटरनेट यायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. त्या काळात रुग्णवाहिका बोलवायची तर फोन लागत नव्हता. जी मोजपट्टी मी हेब्रॉनला लावतो ती श्रीनगरला लावायला कचरलो तर माझ्या लेखाला काडीची किंमत उरणार नाही. आपले सरकार म्हणून तर आपण जास्त मोकळेपणाने विचारू शकतो, आणि विचारले पाहिजे. सोलापुरात या विषयाला लगेच हिंदू-मुसलमान असा रंग चढतो. सायप्रसमधले ग्रीक आणि युक्रेनमधले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक डोळ्यांपुढे ठेवले तर तो उतरायला मदत होईल.

राहता राहिले आपले कोटणीस. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, मुंबईत वैद्यकी शिकले, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे बहुतेक परतले तरी कोटणीस थांबले. जपानी व्याप्त मुलखाच्या पाठीमागच्या डोंगराळ भागात, जिथे नाकेबंदीमुळे औषधे पोचणे मुश्कील होते, तिथे त्यांनी बेथ्यून रुग्णालय सांभाळले, चिनी भाषेत शिकवले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. दर वर्षी त्यांच्या जयंतीला आपण भारत-चीन मैत्री, सेवाभाव, त्याग यांवर भाषणे करतो. भाषणे ठीक असतात. पण ते पथक नुसत्या भूतदयेतून गेले नव्हते. त्याच वर्षी हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने जपानच्या आक्रमणाचा निषेध केला आणि जपानी माल घेऊ नका असे देशाला सांगितले. (जपानी कापडाने हैराण झालेल्या आपल्या गिरणीमालकांना ती हाक गोडच लागली असेल, पण तो भाग वेगळा.) ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर परक्याचे राज्य होते त्यांनी एका हाताने डॉक्टर पाठवले आणि दुसऱ्या हाताने ताबा घेणाऱ्याकडे बोट दाखवले. आपण पहिला हात स्मारकात ठेवला आणि दुसरा विसरलो.

भारत अलीकडच्या वर्षांत पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला वर्षाला ५० लाख डॉलर देत आला आहे. द्यावेतच. पण त्या पैशाचे औषध कोणत्या नाक्यावर किती दिवस अडले, ५५ आणि ५६ या कलमांबद्दल भारताने इस्रायलला, आणि तसेच रशियाला, अधिकृतपणे काय विचारले, हे संसदेत लेखी प्रश्न टाकून विचारता येते. सोलापूरच्या खासदाराला त्या प्रश्नाची सूचना द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, तो स्वीकारणे तेवढे लोकसभा अध्यक्षांच्या हाती असते. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टरांच्या संघटनेत, येत्या १० ऑक्टोबरच्या आत या मजकुराचे एक निवेदन तयार झाले, त्यावर दोन-चारशे डॉक्टरांच्या सह्या झाल्या, ते खासदारांच्या हाती गेले आणि प्रश्न स्वीकारला गेला, तर त्या प्रश्नाचे जे काही उत्तर सरकार देईल ते कामकाजात छापले जाईल. निवेदनाचा मसुदा अर्ध्या पानाचा होईल, आणि त्यात क्रिमिया, डोनेत्स्क, वेस्ट बँक ही नावे एकाच वाक्यात यावीत अशी माझी सूचना आहे.